कूलरखालची गोणी

मार्च लागला की पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत पोटमाळ्यांवरून कूलर खाली उतरतात. कोणी दारातच पाइप लावून धुतो, कोणी गच्चीवर नेतो, आणि दोन दिवस गल्लीतून गंजाचं तांबडं पाणी वाहत राहतं. मग नवं गवत येतं. ते पहिल्यांदा भिजतं तेव्हा त्याला ओल्या कडब्यासारखा वास येतो. माझ्या बायकोला तो फार आवडतो. यंदाही तिनं बटण दाबलं, कूलरसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "या की इकडं, काय गार वाटतंय."

मी उठलो आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

"दरवर्षीचं आहे यांचं," ती आतून मुलीला सांगत होती. "कूलर लागला की बाबांना सर्दी."

सर्दी नाही. राग येतो. भिजलेल्या गवताचा वास नाकात शिरला की मला कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटते. ज्याच्या वाजवायची तो माणूस मीच आहे, हे लक्षात आलं की राग आणखी चढतो. घरच्यांवर तो निघू नये म्हणून मी ओट्यावर बसतो. गेले चार उन्हाळे हे असं चाललं आहे आणि घरात कुणाला काही सांगितलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी माझी बदली धुळ्याला झाली. मुलीची दहावी होती, म्हणून घर जळगावलाच ठेवलं आणि मी देवपुरात एक खोली घेतली. सोमवारी पहाटेची एसटी, शुक्रवारी संध्याकाळी परत. खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब थेट डोक्यावर. दिवसभराचं ऊन त्या स्लॅबमध्ये मुरायचं आणि संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की खाली उतरायला लागायचं. खिडकीबाहेर एक अरुंद गॅलरी होती. तिथं लोखंडी स्टँडवर कूलर, आणि कूलरच्या टाकीचा एक कोपरा गळका. थेंब थेंब, अखंड. खालच्या फरशीवर हिरवं शेवाळ धरलेलं.

घरमालक आबा खाली राहायचे. नोकरीतून निवृत्त, गळ्यात माळ, बोलणं पक्कं अहिराणी. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितले होते. "दारू नही, मटन नही. बाकी तुम्हनं तुम्ही देखा."

दिलवर मला खानावळीत भेटला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, शिरपूरच्या वरच्या अंगाला सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. एका सरकारी कार्यालयात कंत्राटी संगणक चालक होता. करार मार्चअखेर संपायचा आणि एक दिवसाचा खंड देऊन एप्रिलमध्ये नवा आदेश निघायचा. अधिकारीपदाची पूर्वपरीक्षा तो पास झाला होता, मुख्य परीक्षा एप्रिलच्या मध्यावर होती, आणि अभ्यासाला त्याच्याकडे जागा नव्हती. माझ्या खोलीत दुसरी खाट रिकामी होती. मी आबांना विचारलं.

"तिकडला शे का तो? डोंगरमधला?" आबांनी विचारलं.

"माझी जबाबदारी, आबा," मी म्हणालो.

ते म्हणताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. मी किती मोकळ्या मनाचा, असं काहीतरी. आज त्या दोन शब्दांनी माझी जेवढी चिडचिड होते तेवढी दुसऱ्या कशानंच होत नाही.

आधी तेलाचा वास आला. त्याची आई मोहाच्या बियांचं तेल बाटलीत भरून पाठवायची. ते तो डोक्याला लावायचा, भेगाळलेल्या टाचांना लावायचा. जड, जुन्या तुपासारखा वास. उशीला लागला, दाराच्या कडीला लागला, माझ्या टॉवेललाही लागला असं मला वाटायचं. मग फेब्रुवारीच्या शेवटी अर्धी गोणी आली. आदल्या उन्हाळ्यात वेचून वाळवलेली मोहाची फुलं. आईनं एसटीच्या ड्रायव्हरकडे दिली होती, मुलाच्या अभ्यासाला ताकद म्हणून. तांबूस, सुरकुतलेली, मनुकांसारखी फुलं. गोणी त्यानं आपल्या खाटेखाली सरकवली आणि त्या दिवसापासून मी दारात पाऊल टाकलं की तो वास अंगावर यायचा. मनुका, गूळ आणि त्याखाली कुठंतरी उंदराचं बीळ. थंडीत असता तर सोसलाही असता. त्या तापलेल्या खोलीत वास हलायचा नाही, चादरीसारखा पसरून राहायचा.

मी त्याला काही बोललो नाही. आमच्यासारख्यांना सभ्य म्हणवून घ्यायचं असतं, त्यामुळे तोंडावर बोलत नाही आणि पाठीमागे करत राहतो. मी संध्याकाळी तीन-तीन उदबत्त्या लावू लागलो. कपाटात, खाटेखाली, खिडकीत डांबरगोळ्या टाकल्या. नाकाखाली बाम चोळून झोपायला लागलो.

"सर, आज कुठला सण?" उदबत्त्या पाहून दिलवरनं एकदा विचारलं.

"डास झालेत."

"डासांची पूजा करताय मग," तो म्हणाला आणि पुस्तकात डोकं घातलं. दुसऱ्या दिवशी त्यानं इतिहासाच्या पुस्तकातून दोन डांबरगोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "या राहू द्या तुमच्याकडं. परीक्षेत पर्यवेक्षक शिंकत बसेल."

त्याला कळत होतं. कळत असूनही तो हसत होता, आणि तेही मला खुपायचं. चिडला असता तर बरं झालं असतं.

एका रविवारी मी जळगावला गेलो नव्हतो. सकाळी त्यानं तव्यावर ती फुलं भाजली, तीळ भाजले, दोन्ही पाट्यावर वाटून लाडू वळले. खोलीत तोच वास होता, पण भाजल्यावर तो वेगळाच झाला, खरपूस, भूक लागावी असा. त्यानं वाटी पुढं केली. मी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसराही उचलला.

"काय सर, चढली का?" तो म्हणाला.

"खजुरासारखं लागतंय."

"धुळ्यात मोह म्हटलं की लोक आधी बाटली बघतात. माझा बाप दारूला शिवत नाही. पाड्यावर त्याला भगत म्हणून चिडवतात. आमच्याकडं ही फुलं माणसं खातात, बाळंतिणीला देतात, कामाच्या दिवसांत बैलाला घालतात. फक्त भिजू द्यायची नाहीत. भिजली की उन्हाळ्यात तीन दिवसांत आंबतात, मग ज्याला जे करायचं ते तो करतो."

हे मी एवढं सविस्तर लिहितो आहे ते एवढ्याचसाठी, की मला सगळं माहीत होतं. अज्ञान होतं, गैरसमज झाला, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. भिजू द्यायची नाहीत, हे त्यानं मला सांगितलं होतं आणि ते सांगताना माझ्या तोंडात त्याचाच लाडू होता.

आणि मी कुठल्या सुगंधातून आलो होतो? माझे वडील रावेरकडचे केळीवाले. ते मला अर्धा-अर्धा घड बांधून द्यायचे. मी तो खोलीत खिळ्याला टांगायचो. आठवड्यात केळी काळी पडायची, चिलटं घोंघावायची, आणि पिकून फुटलेल्या केळ्याला आंबूस, दारूच्या जवळ जाणाराच वास येतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आबा वर यायचे, दोन केळी सोलून खायचे, "गोड शे," म्हणायचे. त्या वासाला कुणी वास म्हटलं नाही. मी तंबाखू मळायचो. माझे मोजे बुटात कोंबलेले असायचे. शुक्रवारी घरी गेलो की बायको माझे शर्ट दोन बोटांनी उचलायची. दिलवर आला तेव्हा त्याची खाट माझ्या खाटेजवळ होती. महिनाभरात ती हळूहळू दाराशी सरकली होती, आणि तो डोकं उंबऱ्याकडे करून झोपायचा. मला वाटायचं, वाऱ्यासाठी.

त्या वर्षी होळी मार्चअखेरीस आली. दिलवर गुरुवारीच गावी गेला. होळीच्या आधी तिकडे भोंगऱ्याचा बाजार भरतो, ढोल घेऊन सगळे पाडे उतरतात. बाजाराच्या नुसत्या नावानंच तो खुलला होता. शुक्रवारी मी ऑफिसातून लवकर आलो. मार्चअखेरची बिलं, साहेबांची बोलणी, डोकं उठलेलं. खोलीचं दार उघडलं तर चार भिंतींनी मिळून तो वास माझ्यावर फेकला. मी बॅग खाली ठेवली, खाली वाकलो, गोणी ओढली, गॅलरीत नेली आणि कूलरच्या स्टँडखाली ढकलून दिली. दुसरीकडे जागा नव्हती. मग नेहमीच्या सवयीनं कूलरची टाकी काठोकाठ भरली, म्हणजे आल्यावर पाण्याची वाट बघायला नको. कुलूप लावलं आणि एसटी पकडली.

तो कोपरा गळतो, हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं होतं का? मी हा प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता खरं उत्तर उरलेलं नाही. पारोळ्याच्या आसपास आठवलं होतं, एवढं नक्की. मी खिडकीशी डोकं टेकलं आणि झोपलो.

सोमवारी धुळवडीची सुट्टी होती. मंगळवारी सकाळी परत आलो तेव्हा आबा जिन्यात उभे होते. हात कमरेवर.

"हाऊ कसाना वास शे, भाऊ?"

खालपर्यंत येत होता. तोंड फिरवावं असा आंबट, फसफसलेला, सरळ हातभट्टीचा वास. आम्ही वर गेलो. गॅलरीत गोणी फुगली होती. तागातून फेस बाहेर आला होता, माश्यांचं काळं मोहोळ बसलं होतं, आणि टाकीचा शेवटचा थेंब अजून तिच्यावर पडत होता.

"खोलीमा दारू गाळस का तो?" आबा म्हणाले. "पोलीस उनात ते मी काय सांगू?"

मला एवढंच म्हणायचं होतं, आबा, गोणी मी इथं ठेवली, पाणी मी भरलं, ही खायची फुलं आहेत. तीन छोटी वाक्यं.

मी म्हणालो, "मला काय माहीत, आबा. मी तर शनिवार-रविवार इथं नसतोच."

दुपारी दिलवर आला. हातात आईनं दिलेली पुरचुंडी, शर्टावर होळीचा रंग. आबांनी त्याला जिन्यातच थांबवलं आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितलं. तो आधी हसला, त्याला चेष्टा वाटली. मग वर आला, गॅलरीत गेला. गोणीकडे पाहिलं, वर टाकीकडे पाहिलं. आत येऊन माझ्यासमोर खाटेवर बसला.

"सर, गोणी तुम्ही बाहेर ठेवली का?"

आवाज चढलेला नव्हता. परीक्षेला अठरा दिवस होते. त्यानं भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं होतं आणि ते माझ्या डोक्यामागं होतं.

"मी? नाही बुवा," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला.

त्यानं पुस्तकं दोन पिशव्यांत भरली. वेळापत्रक सोलून काढलं, ते एका कोपऱ्यात फाटलं. शेवटी गोणी खांद्यावर घेतली. ती गळत होती, त्याच्या पाठीवरून, पँटीवरून. तो पायऱ्या उतरत होता आणि त्याच्या मागं अक्का, आबांची बायको, प्रत्येक पायरीवर फिनेल ओतत होत्या. फिनेलची बाटली मी आणून दिली होती. अक्कांनी मागितली नव्हती. आमच्या मोरीत आहे, असं मीच म्हणालो होतो.

हे आठवलं की मला अंग धुवावंसं वाटत नाही, काहीतरी फोडावंसं वाटतं.

आबांचा एक भाचा दिलवरच्याच कार्यालयात होता. त्याच्याकडून गोष्ट दोन दिवसांत तिथं पोहोचली. एक एप्रिलचा खंड पडला आणि दोन तारखेला सगळ्या कंत्राटी लोकांचे नवे आदेश निघाले, दिलवरचा निघाला नाही. कारण कुणी कागदावर लिहिलं नाही. खानावळीत मात्र सगळ्यांना माहीत होतं. "खोलीतच भट्टी लावली होती म्हणे," एक जण शेवभाजीत पाव बुडवत म्हणाला. "ती माणसं सुधारत नाहीत हो." मी समोर बसलो होतो. मी माझ्या ताटातला कांदा कापत होतो, बारीक, अगदी बारीक.

त्यानं परीक्षा दिली की नाही, मला माहीत नाही. पास झाला की नाही, तेही माहीत नाही. माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर आहे. चार वर्षांत तो पुसून टाकायचं धाडस झालं नाही आणि लावायचंही. कधी वाटतं, लावावा आणि माफी मागावी. मग स्वतःचीच किळस येते. चार वर्षांनी फोन करून मी त्याच्याकडून काय मागणार आहे? त्यानं 'जाऊ द्या सर' म्हणावं आणि मी मोकळं व्हावं, एवढंच ना? त्याच्याकडून खोली घेतली, नोकरी घेतली, आता हे एक कामही त्यानंच करावं.

परवा इथं जळगावात बचत गटांचं प्रदर्शन होतं. बायको मला ओढत घेऊन गेली. एका टेबलावर मोहाच्या फुलांचे लाडू होते, पारदर्शक डबीत, वर सोनेरी चिकटपट्टी. लोक रांगेत चव घेत होते. आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "वा, काय सुगंध आहे." बायकोनं एक तुकडा माझ्या तोंडाशी धरला.

"नको," मी म्हणालो.

"अहो, फुलं आहेत, विष नाही."

मी तिच्या हाताला झटका दिला आणि तुकडा खाली पडला. टेबलामागच्या बाईंनी तो उचलला, पुसून बाजूला ठेवला. बायको घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

त्या दिवशी मी ठरवलं की निदान एका माणसाला तरी खरं सांगायचं. ऑफिसचं काम काढून मागच्या बुधवारी धुळ्याला गेलो. काम अर्ध्या तासात झालं. रिक्षा केली आणि देवपुरात उतरलो. आबा ओसरीत बसलेले, आता काठी घेतात. अक्कांनी चहा टाकला. इकडचं तिकडचं झालं, मुलीचं विचारून झालं. मग मी बोललो. सगळं, गोणी ओढण्यापासून टाकी भरण्यापर्यंत. मला वाटलं होतं, आबा उठतील, शिव्या देतील. निदान 'अरेरे' म्हणतील, आणि मग आम्ही दोघं मिळून काहीतरी करू, त्याच्या कार्यालयाला पत्र, भाच्याला सांगणं, काहीतरी.

आबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"ते माले तव्हयच माहीत व्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"गोनी तूच भाईर ठेयी. शुक्रवारना दिवस मी गच्चीवर व्हतो, मी सोता देखं."

"मग तुम्ही त्याला का काढलं, आबा?"

"वास ते त्यानाच व्हता ना," आबा म्हणाले. अगदी साधेपणानं, एखाद्याला पत्ता सांगावा तसं. "आनि दोनमधून एक ते जानारच व्हता. तू आपला मानूस शे."

अक्का आतून म्हणाल्या, "साखर बरोबर झाली का, भाऊ?"

उठून जायला हवं होतं. कप तसाच ठेवून, एक शब्द न बोलता. मी बसून राहिलो, "बरोबर झाली, अक्का," म्हणालो आणि उरलेला चहा पिऊन संपवला. निघताना आबांच्या पाया पडलो. हात आपोआप खाली गेले.

बसस्टँडवर जळगाव गाडी उभीच होती. खिडकीची जागा मिळाली. गाडी हायवेला लागली आणि मला आबांचा इतका राग आला की समोरच्या सीटची कांब मी दोन्ही हातांनी घट्ट धरली. पारोळ्यापर्यंत मी मनात त्यांना वाटेल ते बोललो, जे तोंडावर बोलायला हवं होतं ते सगळं. एरंडोलपर्यंतही तो राग पुरला. पाळधीच्या अलीकडेच आबांवरचा राग संपला, माझा मी उरलो, आणि जळगाव यायला अजून वीस मिनिटं होती.